आजी-आजोबांचं हैदराबाद कसं नोंदवून ठेवावं

काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार, कोठी, जांबाग, गौळीगुडा, शालीबंडा. हैदराबादच्या या मोहल्ल्यांत १९४० ते १९८० च्या दरम्यान लहानाची मोठी झालेली मराठी मंडळी आता नांदेड, पुणे, ठाणे, बंगळूर, अमेरिका अशी पांगली आहेत. त्यांतली थोरली पिढी ऐंशी-नव्वदीत आहे. लग्नामुंजीत चार जण भेटले की इराण्याचा चहा, नुमाइश (दर वर्षीचं मोठं प्रदर्शन), डबल डेकर बस असे विषय निघतात, तासभर हसणं-खिदळणं होतं, पंगत उठते आणि त्यातलं काहीच कागदावर उरत नाही. ते उरावं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही कृती. ती हैदराबाद धरून लिहिली आहे, कारण तिथल्या आठवणी टिपताना चलन, पंचांग आणि भाषा या तिन्ही बाबतींत असे खड्डे आहेत की मुलाखतीची नेहमीची पद्धत तिथे पुरी पडत नाही.

सगळ्या कृतीचं सूत्र एकच: ‘कसं वाटायचं’ हे विचारू नका. कुठून, कितीला, कुणाबरोबर आणि कोणत्या भाषेत, हे विचारा. वाटण्याचं ते आपणहून सांगतील.

आधी कागदावर मोहल्ला

पहिल्या बैठकीत रेकॉर्डर काढायची घाई नको. ए-थ्री आकाराचा कोरा कागद, एचबी पेन्सिल, खोडरबर आणि तीन रंगीत पेन्सिली घ्या. कागदाच्या मधोमध घर काढा आणि विचारा, “दारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला काय होतं?” तिथून पुढे शाळा, किराणा दुकान, पिठाची गिरणी, पाण्याचा नळ, डॉक्टर, देऊळ, मशीद, सिनेमा थिएटर, बसस्टॉप. सांगणाऱ्यांचा हात थरथरत असेल तर रेघा तुम्ही मारा, पण बोट त्यांचं फिरू द्या. प्रमाण चुकलं तरी दुरुस्त करू नका. शाळेपेक्षा बोरांची गाडी मोठी काढली गेली तर ती तशीच राहू द्या.

मग रंग. एका रंगाने रोजचा शाळेचा रस्ता, दुसऱ्याने घरच्यांनी पाठवलेल्या कामांचे रस्ते, तिसऱ्याने जिथे जायला बंदी होती त्या जागा. हा तिसरा रंग सर्वांत जास्त बोलतो. एकाच घरातल्या भावाचा आणि बहिणीचा नकाशा वेगवेगळ्या कागदांवर आणि वेगवेगळ्या दिवशी काढून घ्या. भावाचं हैदराबाद हुसेन सागर तलावाच्या बांधापर्यंत पसरलेलं असतं, बहिणीचं बऱ्याचदा शाळा, देऊळ आणि मैत्रिणीचं घर इथेच संपतं. दोघं एकत्र बसले की भावाचा नकाशा दोघांचा म्हणून नोंदला जातो.

या बैठकीत मोबाइलवरचा नकाशा उघडू नका. उड्डाणपूल आणि मेट्रोचे खांब दिसले की बोलणं “काय होतं, काय झालं” याच्यावर घसरतं आणि मग तासभर तिथून हलत नाही. ताळमेळ नंतर, तुमचे तुम्ही घाला. नावं जुनीच लिहा: आजोबा फत्ते मैदान म्हणाले तर फत्ते मैदान. आज त्याला लाल बहादूर स्टेडियम म्हणतात ही तळटीप तुमची. शेवटी कागदावर तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव घाला, फोटो काढून ठेवा.

काय विचारायचं

“त्या वेळचं हैदराबाद कसं होतं?” या प्रश्नाला एकच उत्तर येतं: फार छान होतं, गर्दी नव्हती, माणसं चांगली होती. त्यात नोंदवण्यासारखं काही नसतं. आठवण वस्तूला चिकटून असते, म्हणून वस्तू विचारा.

पाणी: नळाला पाणी किती वाजता यायचं, कशात भरायचे, गंडीपेठ तलावाचं पाणी घरात येत होतं की विहीर होती, विहिरीवर कुणाला यायला मनाई होती. हा शेवटचा प्रश्न बरेच जण गाळतात. गाळू नका. स्वयंपाकघरापर्यंत कोण येत असे, ओसरीवर कोण थांबत असे, मोलकरणीचा चहाचा कप वेगळा होता का, हे सगळं त्या शहराचाच भाग आहे.

भाषा: हा हैदराबादचा खास विषय. घरात मराठी, शाळेत काय, भाजीवालीशी काय, रिक्षावाल्याशी काय, सरकारी कचेरीत काय, भांडताना काय. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघालं ते उर्दू माध्यमाचं. त्यामुळे त्या काळात शिकलेल्या मराठी माणसाने गणित किंवा डॉक्टरकीची पुस्तकंही उर्दूतून वाचलेली असतात. “पाढे कोणत्या भाषेत पाठ केले? अजून मनात हिशेब कोणत्या भाषेत करता?” असं विचारा आणि एखादा पाढा म्हणून घ्या. रेकॉर्डिंगमध्ये असा एक पाढा पानभर वर्णनापेक्षा उपयोगी पडतो.

खाणं: “इराणी हॉटेलात जायचात का?” याला ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा असं विचारा: साधा चहा मागवायचात की पौना, म्हणजे जास्त दुधाचा? बशीत ओतून प्यायचात का? उस्मानिया बिस्किटं मोजून आणायचा, की बशी भरून ठेवायचा आणि खाल्ली तेवढ्यांचे पैसे घ्यायचा? पैसे कोण द्यायचं? घरी कळलं तर काय व्हायचं? आजीला वेगळं विचारा: “तू कधी आत बसून चहा प्यायलीस का? पहिल्यांदा कधी?” पुष्कळ आज्यांच्या बाबतीत हे साल लग्नानंतरचं निघतं, काहींच्या बाबतीत ते कधीच येत नाही. फळांमध्ये अनाब-ए-शाही द्राक्षं विचारा. आणि कुणी “जाम खायचो” म्हणालं तर तो पेरू. मुंबईकडचा पांढरा जाम समजून लिहाल तर अर्थच बदलेल.

नुमाइश: प्रदर्शन १९३८ मध्ये बाग-ए-आम या सार्वजनिक बागेत सुरू झालं आणि १९४६ पासून नामपल्लीच्या मैदानावर भरतं, १ जानेवारीपासून साधारण दीड महिना. दर वर्षी भरत असल्यामुळे सगळ्या वर्षांच्या आठवणी एकात एक मिसळतात. त्या सोडवायला “पहिली नुमाइश”, “लग्नानंतरची पहिली नुमाइश”, “मुलांना घेऊन गेलात ती पहिली” असे तुकडे करा. तिकीट, रात्री परतताना बस मिळाली की चालत आलात, काय विकत घेतलं आणि ती वस्तू आज कुठे आहे, हेही विचारा.

सिनेमाबद्दल विचारताना चित्रपटापेक्षा थिएटर धरा. आबिड्सकडचे पॅलेस, जमरूद, सागर, काचीगुड्याचं बसंत, सिकंदराबादचं पॅराडाइज. कोणत्या दर्जाचं तिकीट, बायकांची बसण्याची सोय वेगळी होती का, मध्यंतरात काय विकायला यायचं.

एका बैठकीला असे दोन, फार तर तीन विषय पुरतात.

आवाज टिपताना

वेळ सकाळची ठेवा, न्याहारी झाल्यावर, साधारण साडेनऊ ते साडेदहा. पाऊण तास झाला की थांबा, गाडी रंगात आली असली तरी. ऐंशीच्या पुढे तासाभरानंतर आवाज बसतो आणि माणूस दमून “हो, तसंच होतं” म्हणायला लागतो. त्या होकारांवर विसंबू नये. चार दिवसांनी पुन्हा बसा. मधल्या दिवसांत त्यांना आणखी बरंच आठवलेलं असतं.

चांगला मोबाइल पुरतो. तो विमान मोडवर टाका, तोंडापासून ३० ते ४० सेंटिमीटरवर ठेवा आणि खाली चार घड्यांचा टॉवेल घाला. टेबलावर बोटं वाजवायची सवय असलेले आजोबा टॉवेल नसेल तर सगळं रेकॉर्डिंग बिघडवतात. ॲपमध्ये सोय असेल तर डब्ल्यूएव्ही प्रकार निवडा. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, मोनो असं ठेवलं तर मिनिटाला साधारण ५ एमबी, तासाला ३२० एमबीच्या आत जागा लागते. सुरुवातीला एक मिनिट टिपून, इअरफोन लावून ऐका. पंख्याची घरघर आपल्या कानाला जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये तीच आधी ऐकू येते. उन्हाळ्यात पंखा बंद करणं शक्य नसेल तर तो एकवर ठेवा आणि मोबाइल वाऱ्याच्या झोताबाहेर सरकवा. कुकर तासभर उशिरा लावायला घरात कुणाला तरी सांगून ठेवा.

सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, गाव आणि कोण कोण बसलं आहे ते बोला. एखाद्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला तर मनात सातपर्यंत आकडे मोजा, मग बोला. बहुतेक वेळा पाचाच्या आत खरी गोष्ट सुरू होते आणि आपण उतावळेपणाने पुढचा प्रश्न टाकून ती बुडवतो. सनावळी चुकली तरी तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. “अहो, ते तसं नव्हतं” म्हणणारं माणूस घरात असेल तर त्यांची बैठक वेगळी घ्या. दोघांचं म्हणणं दोन ठिकाणी लिहा, एक करू नका.

पूर्ण वेळ व्हिडिओ करण्याच्या भानगडीत पडू नये. कॅमेऱ्यापुढे माणसं भाषण करतात. नकाशावर बोट फिरवताना दहा मिनिटं तेवढी घ्या.

हाली, कलदार आणि फसली

सर्वांत जास्त चुका इथे होतात.

निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला कलदार म्हणत. दर साधारण ७ हाली म्हणजे ६ कलदार, म्हणजे एका हाली रुपयाचे कलदारात पावणेचौदा आणे. १९५० मध्ये भारतीय रुपया इथे बरोबरीने आला, १९५१ मध्ये हाली काढणं थांबलं, पण जुनी नाणी-नोटा १९५९ पर्यंत कायद्याने चालू होत्या. तेव्हा “वडिलांना साठ रुपये पगार होता” हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला: हाली की कलदार? आठवत नसेल तर नाण्याचं वर्णन करायला सांगा. चारमिनार असलेलं नाणं हाली. सातव्या निजामाच्या नाण्यावर चारमिनारच्या कमानीत उस्मान या नावातलं ‘ऐन’ अक्षर असतं, घरात एखादं असेल तर भिंगाखाली बघा. राजाचं तोंड असेल तर कलदार.

आण्यांचा घोळ वेगळा. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि १९६४ मध्ये ‘नये’ शब्द गेला. बोलण्यातले आणे मात्र पुढे कितीतरी वर्षं टिकले. पंचवीस पैशांना लोक चार आणेच म्हणत राहिले. म्हणून “चार आण्यात मिळायचं” एवढ्यावरून साल १९५७ च्या आधीचं आहे असं धरू नका. पाच आणे, सात आणे असा फुटकळ आकडा आला तर जुना काळ असण्याची शक्यता जास्त, कारण दशमान पैशांत तो नीट बसत नाही.

आकडे आजच्या रुपयांत बदलून लिहिण्याचा मोह टाळा. त्याऐवजी त्याच वर्षातला दुसरा आकडा शेजारी ठेवा: घरभाडं किती, शाळेची फी किती, तांदूळ कितीला. तुलना वाचणारा स्वतः करतो.

आता पंचांग. निजामाच्या कारभारात फसली सन होता आणि १९४८ पर्यंतच्या कागदांवर, म्हणजे शाळेचे दाखले, खरेदीखतं, नेमणुकीचे हुकूम यांच्यावर तोच सापडतो. वर्ष ऑक्टोबरच्या ६-७ तारखेला आजूर महिन्याने सुरू व्हायचं. त्यानंतर क्रमाने दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबहिश्त, खुर्दाद, तीर, अमर्दाद, शहरेवर, मेहेर, आबान. पहिल्या तीन महिन्यांसाठी फसली सनात ५९० मिळवा, उरलेल्या नऊ महिन्यांसाठी ५९१. उदाहरण: दाखल्यावर खुर्दाद १३४८ फसली असेल तर ते एप्रिल १९३९ च्या आसपास पडतं. सरसकट ५९० मिळवलं की बहुतेक लोकांचं वय एका वर्षाने वाढतं आणि मग भावंडांचे क्रम जुळत नाहीत.

हे कागद उर्दूत, तेही घसटत्या हस्ताक्षरात असतात. छापील उर्दू वाचणाऱ्यालाही ते लागतीलच असं नाही. जुन्या वळणाचं उर्दू वाचणारा माणूस शोधा आणि त्याच्याकडून शब्दन् शब्द मोठ्याने वाचून घेऊन तेही रेकॉर्ड करा. शाळेतल्या जन्मतारखेवर मात्र फार भरवसा ठेवू नये. प्रवेश मिळावा म्हणून मास्तरांनी घातलेल्या तारखा घरोघरी आहेत. पत्रिका किंवा घरातल्या जन्माची जुनी टिपणवही असेल तर ती आधी धरा.

साल कसं ठरवायचं

आठवणीतली सालं घसरतात. म्हणून साल विचारण्यापेक्षा आठवणीतल्या वस्तूवरून ते बांधून काढा: अमुक घटनेनंतर, तमुक घटनेआधी. हैदराबादपुरत्या भरवशाच्या काही खुणा अशा.

सालारजंग संग्रहालय १९५१ मध्ये सालारजंगांच्या दिवाण देवडी या वाड्यात उघडलं आणि १९६८ मध्ये आजच्या इमारतीत गेलं. देवडीतल्या दालनांत हिंडल्याची आठवण असेल तर ती १९६८ च्या आतली. वाघ-सिंह बाग-ए-आममध्ये पाहिले असतील तर १९६३ च्या आधी, कारण त्या वर्षी नेहरू प्राणिसंग्रहालय सुरू झालं. रेडिओला कुणी डेक्कन रेडिओ म्हणालं तर १९५० पर्यंतचा काळ, त्यानंतर आकाशवाणी. खैरताबादचा गणपती बसायला लागला १९५४ पासून. बिर्ला मंदिर १९७६ चं. हैदराबाद दूरदर्शन ऑक्टोबर १९७७ मध्ये सुरू झालं, तेव्हा शेजारच्या घरी जाऊन टीव्ही पाहिल्याच्या आठवणी त्यापुढच्या. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण फारच उपयोगी आहे. हैदराबादजवळच्या जपाल-रंगापूर वेधशाळेच्या भागात ते खग्रास होतं, आणि दारं-खिडक्या लावून घरात बसल्याचं त्या वयाच्या प्रत्येकाला आठवतं. त्या दिवशी कितवीत होता, कोणत्या घरात राहत होता हे विचारलं की अलीकडची-पलीकडची दहा वर्षं जागेवर बसतात. हुसेन सागरातला बुद्धाचा पुतळा १० मार्च १९९० ला पाण्यात बुडाला आणि १ डिसेंबर १९९२ ला उभा राहिला.

राजकीय खुणा: १७ सप्टेंबर १९४८, राज्य भारतात आलं. १९५२ चं मुल्की, म्हणजे स्थानिकांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून झालेलं आंदोलन. १ नोव्हेंबर १९५६, हैदराबाद राज्याची वाटणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला. मराठी घरांसाठी ही तारीख मोठी, कारण सरकारी नोकरीतल्या कित्येकांना बदली घ्यायची की इथेच राहायचं हे ठरवावं लागलं. घरात त्या वेळी काय चर्चा झाली, कोण गेलं, कोण राहिलं, हे आवर्जून विचारा. मग १९६९ चं तेलंगणा आंदोलन आणि १९७२-७३ चं वेगळ्या आंध्र राज्यासाठीचं जय आंध्र आंदोलन. शाळा-कॉलेजं बंद होती, परीक्षा लांबल्या, एवढं तरी प्रत्येकाला आठवतं.

काही खुणा दिसायला भक्कम, पण कच्च्या. चित्रपट ही त्यांतली पहिली: एकच चित्रपट वर्षानुवर्षं सकाळच्या खेळांना लागत राहायचा, त्यामुळे त्याच्या प्रदर्शनाच्या सालावरून काहीच सिद्ध होत नाही. “नेहरू आले होते तेव्हा” हीही तशीच, ते पुष्कळदा आले. २८ सप्टेंबर १९०८ चा मुसी नदीचा पूर हा प्रकार आणखी वेगळा. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातली चिंच आणि तिच्यावर चढून वाचलेले लोक ही हकीकत अनेक जण स्वतः पाहिल्यासारखी सांगतात. ती पणजीकडून आलेली असते. खोटेपणा नसतो, पण नोंद तशी व्हायला हवी. समासात तीन खुणा पुरतात: ‘पा’ म्हणजे पाहिलेलं, ‘ऐ’ म्हणजे ऐकलेलं, ‘शं’ म्हणजे शंका.

जुन्या पत्रांवर शिक्का वाचता येत नसेल तर पिनकोड बघा. तो १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. आणि सुट्टीत गावी जातानाच्या प्रवासात मनमाडला गाडी बदलल्याचं आलं तर तो काचीगुड्याहून परभणी-औरंगाबादमार्गे जाणारा मीटर गेज. सोलापूर-वाडीचं नाव आलं तर ब्रॉड गेज.

१९४८ बद्दल

याला घाई चालत नाही. पहिल्या दोन बैठकांत हा विषय काढू नका. काढाल तेव्हा नातवंडं खोलीत नसावीत. रझाकारांच्या भीतीने सोलापूरकडे निघून गेलेली घरं आहेत, तसंच पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ मधल्या भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर, मुसलमान शेजाऱ्यांवर काय गुदरलं ते पाहिलेली माणसंही आहेत. पंडित सुंदरलाल समिती त्याच वर्षाच्या अखेरीस चौकशीला आली होती. दोन्ही विचारा. एक बाजू सांगून झाल्यावर “आणि मग शेजारचे कुठे गेले?” एवढा साधा प्रश्न पुरतो. त्यांनी हात वर केला की रेकॉर्डर बंद करा. बंद केल्यावर सांगितलेलं लिहायचं असेल तर वेगळी परवानगी घ्या, आणि ज्यांच्यावर आळ येईल अशांची नावं लिखाणातून काढा.

फोटो

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, कागदाचा थर निघतो. दात साफ करायचा धागा फोटोखालून करवतीसारखा हळू फिरवा. तरी सुटला नाही तर पानासकट स्कॅन करा. पोस्टकार्डएवढ्या फोटोला ६०० डीपीआय पुरतं, सव्वादोन इंची चौकोनी प्रिंटला १२०० ठेवा. मागची बाजूही स्कॅन करा, कारण स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथेच असते. मागे लिहायचंच असेल तर मऊ टूबी पेन्सिलने, कडेला. बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. मोबाइलने फोटो काढत असाल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद, मोबाइल फोटोला समांतर.

फोटो दाखवताना माणसांची नावं विचारून थांबू नका. मागची भिंत, पाटी, सायकल, पायातल्या चपला विचारा. फोटो कुणी काढला, हा प्रश्न हमखास राहतो.

फाइलची नावं सालापासून सुरू करा आणि रोमन लिपीत ठेवा, जुन्या संगणकांवर देवनागरी नावं फुटतात. साल नक्की नसेल तर दशक घाला.

उतरवून काढताना

तासाभराचं बोलणं टंकायला पाच-सहा तास लागतात. मोबाइलचं आपोआप टंकन मराठीपुरतं ठीक चालतं, पण एका वाक्यात मराठी, दखनी (हैदराबादी बोलीतली उर्दू) आणि तेलुगू आलं की ते काहीही लिहितं. त्यावर विसंबायचं असेल तर एकेक ओळ ऐकून तपासा. दर पाच मिनिटांनी समासात वेळ टाका. ‘नक्को’, ‘हौ’, ‘काय कू’ असे शब्द जसे उच्चारले तसे राहू द्या, पुस्तकी मराठी करू नका. गावठी वाटेल म्हणून सांगणारेच बदलायला सांगतात, तेव्हा त्यांना रेकॉर्डिंग ऐकवा.

नावांची खात्री करा. शालीबंडा आणि शाह अली बंडा एकच, मोज्जम जाही आणि एम. जे. मार्केट एकच. कोठी म्हणजे जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीचा परिसर, पण बोलण्यात एखाद्या वाड्यालाही कोठी म्हणतात. शहरातल्या घडामोडी पडताळायच्या असतील तर अफझलगंजच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात, म्हणजे पूर्वीच्या आसफिया ग्रंथालयात, जुनी वर्तमानपत्रं आहेत. मराठी घडामोडींसाठी मराठी साहित्य परिषदेच्या ‘पंचधारा’ त्रैमासिकाचे जुने अंक आणि १९०७ साली निघालेल्या विवेकवर्धिनी संस्थेच्या शाळांची वार्षिकं चाळा.

शक्य असेल तर त्यांना एकदा तिथे न्या. रविवारी सकाळी सातला, दुकानं उघडण्याआधी. ग्रीन लाइनवर सुलतान बाजार स्टेशन आहे, तिथे उतरलं की जिना चढण्या-उतरण्याचे कष्ट लिफ्टमुळे वाचतात. खिशात घरी काढलेल्या नकाशाची प्रत असू द्या आणि जाताना मोअज्जम जाही मार्केट, कोठीचं पूर्वीचं महिला कॉलेज अशा टिकून असलेल्या इमारती आधी दाखवा. त्या ओळखीच्या निघाल्या की मधल्या गायब झालेल्या जागा ते आपोआप भरतात. राहत्या घराच्या जागी दुसरी इमारत असेल तर आधीच सांगून ठेवा, रस्त्यावर उभं करून धक्का देऊ नका. दीड तास पुष्कळ झाला. पाणी, टोपी आणि घडीची खुर्ची बरोबर हवी.

ध्वनिफितींच्या तीन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. परवानगीचा कागद साधा असावा: काय टिपलं, कोण ऐकू शकतं, कोणता भाग घराबाहेर जायचा नाही, आणि सही. तो पहिल्याच दिवशी घ्या. नंतर घेऊ म्हटलं की राहतं, आणि मग तीन भाऊ तीन मतं देतात.

छापलेला पहिला मसुदा सोळा टाइपात काढा आणि आजोबांना वाचून दाखवा, रेकॉर्डर चालू ठेवून. पहिल्या पानावरच “हे चुकलं, गिरणी त्या बाजूला नव्हती” असं सुरू होतं. नकाशा पुन्हा पसरा.